बैल दात बघून घेता, मग कुत्रं का नाही?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. वाळवा तालुक्यातल्या एका गावात खोडव्याच्या पाचटावर बैठक होती. पाचट जाळू नका, कुजवा, हे नेहमीचं सांगून झालं, चहा झाला, माणसं उठली. एक तरुण शेतकरी तेवढा मागं रेंगाळला. म्हणाला, ‘साहेब, खात्याबाहेरचं एक विचारू का?’

‘विचारा की.’

‘हायवेवरच्या ढाब्यामागं आठ दिस झालं एक मोठं जर्मन शेफर्ड कुत्रं पडून हाय. गळ्यात पट्टा हाय, मालकाचा पत्ता न्हाय. ढाबेवाला म्हणतोय, न्या. वस्तीवर राखणीला आणावं म्हणतोय. आणू का नको?’

दहा वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणी विचारला असता, तर ‘आणा की, त्यात काय’ म्हणून मी मोटारसायकलला किक मारली असती. आता तसं म्हणवत नाही. का, ते आधी सांगतो.

आमचा सीझर

आमचं गाव शिराळा तालुक्यात, डोंगराच्या कडेला. २०१९ साली एका बंगलेवाल्या गृहस्थांनी बदली झाली म्हणून आपलं पाच वर्षांचं जर्मन शेफर्ड आमच्याकडे आणून सोडलं. सोबत पट्टा, साखळी आणि ‘फार गुणी आहे हो’ एवढी तोंडी शिफारस. आम्हीही काही विचारलं नाही. वडिलांना वाटलं, फुकटात किमती जनावर आलं. मला वाटलं, वस्तीला शोभा आली. आईला कुणी विचारलंच नाही. त्याचं नाव सीझर. आई त्याला शिजर म्हणायची.

पळून जाईल म्हणून त्याला गोठ्याच्या खांबाला साखळीनं बांधलं. आठ दिवसांनी सोडू म्हणता म्हणता वर्ष गेलं. बांधलेलं ते कुत्रं रात्रभर भुंकायचं. रानडुकरावर, वाऱ्यावर, रस्त्यानं जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवर. पहिला महिनाभर आम्ही बॅटरी घेऊन उठत होतो. नंतर उठेनासे झालो. २०२० च्या डिसेंबरात ऊसतोड सुरू असताना एका रात्री तो जरा जास्तच भुंकला आणि गप्प झाला. सकाळी खांबाला साखळी होती, साखळीला तुटका पट्टा होता, आणि मऊ मातीत बिबट्याची पावलं होती.

बिबट्यानं नेलं, असं आम्ही गावात सांगितलं. खरं म्हणजे आम्हीच त्याला बांधून दिलं होतं. त्याची जर्मनची थाळी आईनं अजून टाकलेली नाही.

बांधलेलं कुत्रं राखण करत नाही

म्हणून शेतकरी बंधूंनो, पहिली गोष्ट ही. आपल्याकडं मोठं कुत्रं आणतात ते राखणीसाठी, आणि आणल्यावर बांधतात. या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. साखळीतलं कुत्रं सगळ्यावरच भुंकतं. त्यामुळं चोर कुठला आणि वारा कुठला, हे घरच्यांना कळेनासं होतं. शिवाय बांधून बांधून ते चिडकं होतं आणि एखाद्या दिवशी सुटलं की पहिला चावा डेअरीच्या पोराला नाहीतर आपल्याच पावण्याला बसतो.

कराड, पाटण, शिराळा, वाळवा या पट्ट्यात उसाच्या फडात बिबट्या असतो, हे आता कुणाला नव्यानं सांगायला नको. मादी उसातच पिलं घालते आणि तोड सुरू झाली की तिला जागा बदलावी लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं होतं. तो अभ्यास २०१६ साली ‘ओरिक्स’ या नियतकालिकात छापून आला. त्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के खाणं एकट्या कुत्र्यांचं निघालं. आपला मुलूखही तसाच, पाण्याचा आणि उसाचा. कुत्रं मोठं आहे म्हणून बिबट्या भिईल, या भ्रमात राहू नका. मोकळं कुत्रं निदान पळतं तरी. बांधलेल्याला तीही सोय नाही. रात्री त्याला घराच्या सोप्यात, दाराच्या आत जागा देता येत नसेल, किंवा वरूनही बंद असलेली मजबूत जाळी करता येत नसेल, तर मोठं कुत्रं आणूच नका.

बैल घेताना जे बघतो ते

खरसुंडीच्या नाहीतर पुसेगावच्या बाजारात खिलार खोंड घेताना आपण काय करतो? दात बघतो. चालवून बघतो. खूर, खांदा, शेपूट बघतो. मारकं आहे का, हे मालकाला नव्हे, शेजारच्या दावणीवाल्याला विचारतो. मगच रुमालाखाली हात जातो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र ‘बिचारं’ म्हटलं की घरात घेतलं, नाहीतर ‘लई भारी दिसतंय’ म्हटलं की गाडीत घातलं.

जनावराचं वय आपण दोन दाती, चार दाती, जुळलेलं असं सांगतो. कुत्र्याचं तसं सांगता येत नाही. त्याचे कायमचे ४२ दात सातव्या महिन्यापर्यंत येऊन जातात. पुढं दाताची झीज, दातावरचं किटण, तोंडाजवळचे पांढरे केस आणि डोळ्यांवरची धुरकट झाक यावरून अंदाज बांधायचा. मोठ्या जातीच्या कुत्र्यांचं आयुष्य मुळात कमी. जर्मन शेफर्ड साधारण ९ ते १३ वर्षं जगतो, ग्रेट डेन त्याहून कमी. म्हणजे सहा-सात वर्षांचं कुत्रं आणलं, तर दोन-तीन वर्षांतच म्हातारपण काढायची तयारी हवी.

मग चाल बघा. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर यांच्या मागच्या खुब्यात दोष असतो, तो वयाबरोबर वाढतो. बसलेलं कुत्रं उठताना मागचा भाग ओढत असेल, पळताना सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकत असेल, तर आधी डॉक्टरला दाखवा.

सगळ्यात शेवटी स्वभाव. एक दिवस बघून तो कळत नाही. आठ-पंधरा दिवस रोज जाऊन बसा, हातानं खायला घाला. खाताना जवळ माणूस गेला तर गुरगुरतंय का? लहान पोर पळालं की मागं लागतंय का? शेळी-कोंबडी दिसली की डोळे कसे होतात? ट्रॅक्टरच्या आवाजाला दबतंय का? टाकून दिलेल्या कुत्र्यानं काय सोसलंय ते त्याला बोलून सांगता येत नाही, पण वागण्यातून कळतं.

इथं एक गैरसमज काढायला हवा. ‘शेफर्ड म्हणजे मेंढपाळ, मग शेळ्या राखंल की’ असं काही जण म्हणतात. माणदेशातल्या धनगर बांधवांची कुत्री मेंढरांत राहतात, कारण ती पिल्लू असल्यापासून मेंढरांतच वाढलेली असतात. शहरात फरशीवर वाढलेलं पाच वर्षांचं कुत्रं एकदम शेळ्यांत सोडलं, तर राखण राहू द्या, एखादं करडू गमावून बसाल. आपल्या सीमेलगतच्या मुधोळचं, म्हणजे कारवानी कुत्र्याचंही तसंच आहे. टपाल खात्यानं २००५ साली त्याच्यावर तिकीट काढलं, हा अभिमानाचा विषय खरा, पण ते नजरेनं सावज हेरून पळणारं शिकारी जनावर आहे. त्याला रोज पळायला रान लागतं, आणि त्याच्याकरवी ससा मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

पिल्लापेक्षा मोठं कुत्रं बरं, पण

मोठं कुत्रं आणूच नये, असं माझं म्हणणं नाही. उलट एका बाबतीत ते पिल्लापेक्षा बरं. पिल्लू घेताना ते पुढं केवढं होईल, कसं निघेल, हा सगळा उधारीचा व्यवहार. मोठं कुत्रं समोर दिसतं तेवढंच आहे. पायताणं कुरतडायचं वय गेलेलं असतं. पण त्याला रुळायला वेळ द्यावा लागतो. कुत्री सांभाळणाऱ्या संस्थांतली माणसं तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात. पहिले तीन दिवस ते बावरलेलं असतं, खातसुद्धा नाही. तीन आठवड्यांत घराची रीत कळते आणि खरा स्वभाव बाहेर येतो. घर आपलं वाटायला तीन महिने लागतात. आपण तिसऱ्या दिवशीच ‘गरीब हाय’ म्हणतो आणि तिसऱ्या आठवड्यात ‘बिघडलं’ म्हणून परत रस्त्यावर सोडतो. दोन्ही निकाल घाईचे.

थाळीचा हिशेब

३५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण १६०० कॅलरी लागतात. नुसत्या भाकरीनं पोट भरेल, पण अंग धरणार नाही. अंडी, ताक-दूध, मटणाचे शिजवलेले तुकडे किंवा तयार खाद्य, काही ना काही लागतंच. माझा हिशेब रोजचे ८० रुपये धरून आहे, म्हणजे वर्षाचे २९,२०० रुपये. लस, जंताचं औषध, गोचिडाचं औषध वेगळं. फुकट आलेलं कुत्रं फुकट राहत नाही.

खायला घालायची रीतही वेगळी. मोठ्या छातीच्या कुत्र्याला एकदाच भरपूर घालू नये, दोन वेळा विभागून घालावं आणि खाल्ल्यावर लगेच पळवू नये. त्याचं पोट फुगून आतून पीळ बसतो. म्हशीची पोटफुगी घरगुती तेल पाजून काही वेळा उतरते, ही तशी उतरत नाही. काही तासांतच जनावर जातं. पोट टम्म दिसलं आणि ओकारी येऊनही काही पडत नसेल, तर तडक डॉक्टर गाठा.

तासगाव, कवठेमहांकाळ भागातल्या बागायतदारांना खास सांगणं. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विषासारखा आहे, त्यानं मूत्रपिंड निकामी होतं. बेदाणा शेडवर कुत्रं मोकळं असेल तर खाली पडलेला माल झाडून घ्या. कांदा-लसणाचं कालवणही घालू नका. जत, आटपाडी, माण, खटाव भागात उन्हाळा कडक. हस्की, सेंट बर्नार्ड यांसारखी दाट केसांची, थंड मुलखातली कुत्री तिथं पत्र्याच्या शेडमध्ये ठेवणं म्हणजे त्यांचा जीव घेणं.

निर्णय कुणाचा?

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुत्रं आणायचं ठरवतो घरातला पुरुष. त्याला भाकरी घालते बाई. दिवसभर आपण रानात, सोसायटीत, बाजाराला. वस्तीवर कोण असतं? म्हातारी आई, बायको, लहान पोरं. ३५ किलोचं जनावर एखाद्या मांजरामागं झेपावलं, तर पट्टा धरलेली म्हातारी पडणार, खुबा मोडणार. म्हणून ज्या हातानं थाळी जाणार आहे, त्या हाताला आधी विचारा. ती नको म्हणाली, तर विषय तिथंच संपला. आमच्या घरात हे विचारलं गेलं नाही, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

रोगराई

मी कृषी पदविकावाला, जनावरांचा डॉक्टर नव्हे. तरी हे प्रत्येकाला ठाऊक हवं. रस्त्यावर सापडलेल्या कुत्र्याला आधी लस टोचली आहे की नाही, कळत नाही. नाही असंच धरून चाला. घरी नेण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, रेबीजची लस द्या, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी मात्रा द्या आणि पुढं दरवर्षी देत जा. गुंतागुंतीचा आजार असेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिले काही आठवडे पोरांना त्याच्यापाशी एकटं सोडू नका.

कुणाला चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. चुना, हळद, मिरची काही भरू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि डॉक्टर सांगतील तेवढे सगळे डोस पुरे करा. पोटात १४ इंजेक्शनं घ्यायचा जमाना गेला, आता लस दंडात देतात. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, हे आजही तितकंच खरं आहे.

आणखी एक. जत्रेला बकरं कापलं की आतली काळीज-फुप्फुसं कच्चीच कुत्र्यापुढं टाकायची सवय मोडा. त्यातल्या पाण्याच्या गाठींतून कुत्र्याच्या पोटात एक बारीक पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून माणसात येतात आणि माणसाच्या काळजात, फुप्फुसात तशाच गाठी होतात. शिजवून घाला आणि डॉक्टरच्या सल्ल्यानं जंताचं औषध वेळच्या वेळी द्या.

भाऊसाहेब आणि सरपंच, तुमच्यासाठी

पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा परिस्थितीत टाकून देणं, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. एका वडापावचे पैसे टाकून माणूस मोकळा! हा आकडा बदलायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. उलट कुत्रं नीट न सांभाळल्यानं कुणाच्या जिवाला धोका झाला, तर २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे टाकणारा स्वस्तात सुटतो, दया दाखवणारा जबाबदारीत अडकतो. दया करणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत ते यासाठी.

‘जर्मन शेफर्डवर सरकारनं बंदी घातलीय’ असंही गावात बोललं जातं. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं राज्यांना पत्र पाठवलं होतं, ते पिटबुल, रॉटविलर अशा २३ जातींबद्दल. त्यात जर्मन शेफर्ड नव्हता. तेही पत्र एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं रद्द ठरवलं.

ग्रामपंचायतीनं एवढं करावं. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्याला पत्र देऊन गावात लसीकरण ठेवावं आणि कुठल्या वस्तीवर कुठलं कुत्रं, लस कधी झाली, याची एक साधी वही ठेवावी. त्याला फार निधी लागत नाही, इच्छा लागते.

मग त्या कुत्र्याचं काय झालं?

मी त्या तरुणाच्या वस्तीवर गेलो. घर दोन खोल्यांचं, सभोवार ऊस, कुंपण नाही. आई सत्तरीची, पोरगी दोन वर्षांची, नवरा-बायको दोघंही दिवसभर रानात. मी आईंना विचारलं, ‘आजी, कुत्रं सांभाळाल का?’ म्हातारी म्हणाली, ‘लेकरा, मी हिला धरू का त्येला धरू?’

उत्तर मिळालं होतं. तरुणाचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आपण मुक्या जिवाला नाकारतोय, पाप लागेल. मी म्हटलं, नाही म्हणणं पाप नव्हे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली आपण औदुंबरला हात जोडून बघतो, पण ती बांधलेली नाहीत, हेही बघावं.

सातारा-सांगली हा फौजींचा मुलूख. शेजारच्याच गावात एक निवृत्त फौजी आहेत. आवाराला पुरुषभर भिंत, पोरं नोकरीला बाहेर, दोघं नवरा-बायको घरी, पहाटे पाच किलोमीटर चालायचा नेम. आधी त्यांच्या घरच्या बाईंना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, ‘ह्यांच्याबरोबर चालायला कुणीतरी पाहिजेच हाय.’ फौजी पंधरा दिवस रोज ढाब्यावर जाऊन बसले. सोळाव्या दिवशी कुत्रं आपण होऊन त्यांच्या गाडीत चढलं. आधी दवाखाना, मग घर.

परवा त्या बाजूला गेलो होतो. रात्री ते सोप्यात झोपतं. ट्रॅक्टर आला की अजून बाजेखाली शिरतं. भुंकतं क्वचित, पण भुंकलं की फौजी बॅटरी घेऊन उठतात.